चौदा शून्यांची साडीचोळी

साहेब, तुम्हाला माहीत होतं.

बारामतीच्या हॉलमधल्या त्या नोटा विकायच्या सभेत तुम्ही खाली लोकांत बसला नव्हतात, वर व्यासपीठावर बसला होतात. गळ्यात हार होता. बाहेर तुमची सरकारी गाडी उभी होती आणि तिची पाटी झाकायचीसुद्धा तुम्हाला गरज वाटली नव्हती. माईक हातात आल्यावर तुम्ही म्हणालात, "मी अधिकारी माणूस, मी काही बोलणार नाही. पण माझ्या कपाटात दोन आहेत, एवढंच सांगतो." लोक हसले, टाळ्या पडल्या. त्या नोटा ज्या देशाच्या तो झिंबाब्वे कुठे आहे हे त्या दीडशे माणसांत एकालाही सांगता आलं नसतं. तुम्हाला आलं असतं. त्या देशाने ती नोट कधीच मोडीत काढली हेही तुम्हाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं म्हणता, तर मग तुमच्या खुर्चीवर बसायची तुमची लायकी नव्हती. यातलं कुठलं पाप आपलं ते तुम्हीच ठरवा.

तुमच्या त्या एका वाक्यावर लासुर्ण्याच्या ज्ञानेशने चाळीस नोटा घेतल्या.

एकेका नोटेवर एक आकडा आणि पुढे चौदा शून्यं. आपल्या मोजणीत एक कोटी कोटी. दर अजून फुटायचा होता म्हणून एक नोट पंचेचाळीस हजाराला. दर फुटला की एकेकीचे दहा लाख. कधी फुटणार? जाहीर होईल. कोण करणार? वरून होईल. यात ज्ञानेशला काही वावगं वाटलं नाही, कारण त्याच्या घरात तीन पिढ्या हेच चाललेलं. ऊस तोडायचा, कारखान्याच्या काट्यावर घालायचा, आणि शेवटचा दर किती ते मागाहून ऐकायचं. पहिली उचल येते. मग कधीतरी पुढचा हप्ता येतो. मग दिवाळीला कुणाच्या मनात आलं तर आणखी काही. माल आधी द्यायचा, किंमत नंतर वरून कळायची, मधल्या काळात तोंड मिटून ठेवायचं. ज्या माणसाला जन्मभर ही सवय लावली त्याला फसवायला फार हुशारी लागत नाही.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. आज मंगळवार होता आणि इंदापूरच्या निबंधक कार्यालयात साडेबाराचा नंबर होता. ज्ञानेशची बहीण वृषाली तिथे हक्कसोडपत्रावर सही करणार होती.

सकाळी नऊला ज्ञानेशच्या बायकोने, माधवीने, पुरण वाटायला घेतलं.

"गूळ कमी पडंल बघ," सासू कुशाबाई दारातून म्हणाली. "वृषालीला चांगलं गोड लागतंय."

"आज कसंबी लागंल वन्संना."

"म्हंजी?"

"म्हंजी काय न्हाय. साडी कुठली काढली, आत्या?"

कुशाबाईने साडी दाखवली. हिरवी, काठाची, वर खण आणि नारळ. हक्कसोडीच्या दिवशी बहिणीला साडीचोळी करायची, ही रीत. बहीण सही करते, साडी घेते, जेवते, आणि सातबाऱ्याशी तिचा संबंध संपतो. कुशाबाईने स्वतः कळसला माहेरी, भावाच्या दारात अशीच साडी घेतली होती. चार एकर बागायतातला हिस्सा सोडला, जरीची एक साडी आणली. ती साडी ती एकदाही नेसली नाही. पण कुणी विचारलं तर 'भावानं हौसंनं दिली' असंच सांगायची.

"आन ह्या साडीवर त्या नोटा," कुशाबाई म्हणाली. "पंधरा. माझ्या येळंला कुणी असं दिलं न्हवतं. माझं लेकरू मनानं मोठं हाय."

माधवीने मिक्सर चालू केला. मिक्सर चालू असला की उत्तर द्यावं लागत नाही.

तिच्या गळ्यात काळी पोत होती. गंठण आणि पाटल्या दोन वर्षांपूर्वी मोडल्या होत्या. चाळीसातल्या एकोणीस नोटा त्यांच्याच. दोन महिन्यांपूर्वी ज्ञानेश एक नोट खिशात घालून पुण्याला गेला. आल्यावर दोन दिवस धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं तेव्हा खरं बोलला. नोट कागदाच्या मोलाचीही नाही. मग म्हणाला, "कुणापाशी बोललीस तर बघ. रस्त्याकडच्या दोन एकराला सोलरवालं गिऱ्हाईक आलंय. वृषालीची सही झाली की यवहार होतोय. पयलं तुझं गंठण."

पयलं तुझं गंठण. या तीन शब्दांवर माधवी दोन महिने गप्प होती. ती काही संत नव्हती.

भवानीनगर मागे पडलं तसा वृषालीच्या नवऱ्याने, ऋषिराजने, गाडीचा वेग कमी केला. त्याचं बारामतीत फरशीचं दुकान होतं आणि आपल्याला व्यवहार कळतो असं तो बायकोला दिवसातून एकदा तरी सांगायचा.

"सही करताना तोंड वाईट करू नको," तो म्हणाला. "दोन एकराचे नव्वद लाख येणार. तुझ्या वाट्याला फार तर वीस-बावीस. आणि नोटा पंधरा! दर फुटला की दीड कोटी. तुझा भाऊ येडा आहे म्हणून देतोय."

"येडा हाय तर त्याच्या नोटा कशाला घ्यायच्या?"

"तुला धंद्यातलं कळत नाही."

वृषालीने खिडकीबाहेर पाहिलं. काल सकाळी वडिलांचा फोन आला होता. आबा स्वतःहून फोन कधी करत नाहीत. "ये गं," म्हणाले होते, "सही करून टाक, तुझं भलं हुईल." त्या फोनमुळे ती निघाली होती. नवऱ्याच्या दीड कोटीमुळे नाही. आबा म्हणतात म्हणजे विचार केला असेल, असं तिला वाटलं होतं.

हॉलमध्ये सगळे बसले. आबा, म्हणजे गेणबा, सोफ्याच्या कडेला, हातात चष्म्याचं घर. ज्ञानेश इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा. टीपॉयवर वकिलाने करून दिलेला मसुदा, वर पाण्याचा तांब्या, कागद उडू नये म्हणून.

"दाजी, वाईच चहा घ्या, मग काढतो," ज्ञानेश म्हणाला.

"चहा राहू दे, ज्ञानेशभाऊ. आधी दर्शन," ऋषिराज हसून म्हणाला.

ज्ञानेशने देव्हाऱ्याखालून स्टीलचा डबा आणला. लाल फडक्यात नोटा. वरच्या नोटेवर हळदीकुंकवाची बोटं. दोन लक्ष्मीपूजनं झाली होती त्यांची. नोटेवर एकावर एक ठेवलेले मोठाले दगड छापलेले होते.

"त्यो म्हसोबा हाय त्यांच्याकडचा," कुशाबाईने जावयाला समजावलं. "शेंदूर तेवढा लावल्याला न्हाय."

"आय, त्यो डोंगर हाय," ज्ञानेश म्हणाला.

"असू दे की. म्हसोबा डोंगरातच असतोय."

ऋषिराज मोठ्याने हसला. माधवी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

वृषालीने नोटा हातात घेतल्या आणि पत्त्यांसारख्या मांडीवर पसरल्या. ती डाळिंबाच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर होती. दिवसाला हजार पेट्या तिच्या नजरेखालून जायच्या. प्रत्येक पेटीला नंबर, नंबरावरून शेतकरी, गट, तोडणीची तारीख. दोन पेट्यांना एकच नंबर लागला की तिकडे बंदरावर अख्खा कंटेनर अडकायचा. एकदा अडकला होता आणि मालकाने सगळ्यांसमोर तिला फाडून खाल्लं होतं. तेव्हापासून कुठलाही छापील कागद हातात आला की तिची नजर आधी नंबर शोधायची. बाकीचे शून्यं मोजत होते. तिने शून्यांकडे पाहिलंच नाही.

"दादा, ह्या समद्या एकाच नंबरच्या कशा?"

"सिरीज हाय ती."

"सिरीज म्हंजी पुढची अक्षरं. ती सारखी असत्यात. नंबर निराळा असतोय. ही बघ, शेवटी तीन सात सात. ही घे, तीन सात सात. ही, तीन सात सात." ती एकेक नोट मसुद्यावर ठेवत गेली. मग पर्समधून दहाच्या दोन नोटा काढल्या. "ह्या आपल्या. दहा रुपयाच्या. ह्यांचा नंबर एक हाय का बघ."

ऋषिराज खुर्चीवरून उठला. त्याने पंधराही नोटा उलटसुलट पाहिल्या, मग पुन्हा पाहिल्या. त्याचे दीड कोटी त्याच्या चेहऱ्यावरून उतरत चाललेले सगळ्यांना दिसत होते.

"ज्ञानेश, हे काय?" तो म्हणाला. नावामागचं 'भाऊ' गळून पडलं होतं.

आता ज्ञानेशला खरं बोलता आलं असतं. घर जमलेलं होतं, सही झालेली नव्हती, कुणाचं काही गेलं नव्हतं. पण तो म्हणाला, "मलाबी आत्ताच दिसतंय. आयच्यान. मी कशाला नंबर बघत बसलोय? हिनंच धोशा लावला हुता, माधवीनं. दागिनं मोडा पण नोटा घ्या, समदी घेत्यात, आपुनच मागं. बायकांच्या नादाला लागलं की हे आसं हुतंय."

माधवीच्या हातात पोळ्यांची परात होती. ती तिने सावकाश फ्रिजवर ठेवली.

"आवो, काय म्हणलात?"

"तू आत जा."

"आत न्हाय जात. मी धोशा लावला? माझं गंठण काढताना मी तुमचा हात धरला हुता. वळ उठला हुता मनगटावर, इसरलात?"

"सूनबाई, गप," कुशाबाई म्हणाली. "पाव्हणं बसल्यात."

"दोन म्हयनं गप्पच हाय, आत्या." माधवी वृषालीकडे वळली. "वन्सं, ऐका. दोन म्हयन्यामागं हे पुण्याला जाऊन आल्यात. परदेशी पैसं बदलून देत्यात तसल्या हापिसात. तितल्या पोरानं नोट उजेडाला धरली आन म्हणाला, काका, त्या देशात ही नोट कवाच बंद पडली. आन तुमच्याकडं बंद पडलेल्या नोटंचीबी झेरॉक्स हाय. ह्यांनीच सांगितलंय मला. ह्यांना समदं ठाऊक हाय."

कुशाबाईने खणावरचा नारळ उचलला आणि परत ठेवला.

"तुला का गं आजच कंठ फुटला?" ज्ञानेश बायकोला म्हणाला. "गंठण पायजे हुतं तवा बरी गप हुतीस."

"व्हय, हुते. लाज वाटती मला. तुमाला वाटती का?"

ऋषिराजने चपळाईने बाजू बदलली. "म्हणजे सही नाही! ऐकलं का, मामा? आता आमचा हिस्सा रोख. वकील मीही आणतो. बावीस नाही, तीस घेईन. फसवणुकीची केस वेगळी."

"आमचा न्हाय," वृषाली म्हणाली. "माझा."

"तेच ते."

"तेच ते न्हाय. अर्ध्या तासापूर्वी गाडीत तुमी मला गुपचूप सही करायला शिकवत हुता. माझा भाऊ येडा हाय म्हणून खूश हुता. आता बसा खाली."

ऋषिराज बसला. बसला तो आश्चर्याने.

"वृषे," ज्ञानेशचा आवाज खाली आला. "तुला बुडवायचं मनात न्हवतं गं. दोन एकर इकू दे, माझा खड्डा भरू दे, मग तुला दिलंच असतं."

"कवा?"

"दिलं असतं. बघितलं असतं."

"किती?"

"आता किती म्हणून..."

"बघ. म्हंजी तुझाबी दर मागनंच फुटणार. मी आज माल घालायचा आन तुझ्या तोंडाकडं बघत बसायचं." ती जोरात बोलत नव्हती. पॅकहाऊसमध्ये खराब पेटी बाजूला काढताना बोलायची, तशीच बोलत होती. "मला हिस्सा पायजे. साडी नको, नोटा नको. जमिनीतला माझा हिस्सा पायजे. आजवर हा शब्द मी ह्या घरात काढला न्हवता."

कुशाबाई पुढे आली आणि तिने मुलीचा दंड धरला. "बाई, आसं बोलू नको. मीबी सही केली हुती. माहेर ऱ्हावं म्हणून. जमीन मागितल्याव दिवाळीला तुला ह्या दारात कोण बोलावंल?"

"आय, सही करून तुला कोण बोलावतं?"

कुशाबाईचा हात सैल झाला. तिचा भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याच्याही आधी अकरा दिवाळ्या कळसहून कुणी आलं नव्हतं. भाच्यांच्या लग्नांना पत्रिका आल्या होत्या, पोस्टाने. ती सोफ्यावर टेकली. मुलाची बाजू तिने पुन्हा घेतली नाही.

"आमच्या मुळावर उठलीस तू," ज्ञानेश म्हणाला. आई गेली, बायको गेली, आता त्याच्या बाजूला कुणी उरलं नव्हतं, आणि एकटा पडलेला माणूस करतो तेच त्याने केलं. हात लांब करून म्हातारा दाखवला. "आन मी एकटाच चोर व्हय? आबांना इचार की. रयवारी मोटरपाशी समदं सांगितलंय मी त्यांना. नोटा खोट्या, पैसं गेलं, समदं. त्यांनी काय केलं, इचार."

"ज्ञाना!" कुशाबाई ओरडली.

गेणबाने चष्म्याचं घर उघडलं आणि मिटलं.

रविवारी विहिरीच्या मोटरपाशी पोरगं त्याच्यासमोर रडलं होतं. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, मिशीत पांढरं आलेला. गेणबाने आयुष्यात चार नांगराचे बैल विकले होते, एका भावाला अग्नी दिला होता, पण पोराचं रडणं त्याला सोसत नव्हतं. त्याने एकच विचारलं होतं, "वृषालीला ठाऊक हाय?" पोरगं म्हणालं, न्हाय. गेणबाने स्टार्टर दाबला, पाणी चारीत पडेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "मग मंगळवारचा नंबर मोडू नको."

एवढंच. त्याला ते खोटं बोलल्यासारखं वाटलं नव्हतं. पोरगी तिच्या घरी आहे, नोकरी आहे, नवऱ्याचं दुकान आहे. तिला काय कमी? पोरगं मात्र या रानात उभं राहिलं पाहिजे. पोरगं पडलं तर घर पडेल. हा हिशेब तो कुणाकडून शिकला नव्हता. लहानपणी बहिणींच्या ताटातलं दूध आपल्या वाटीत यायचं तेव्हापासून तो त्याला येत होता. पण सोमवारी फोन लावताना त्याचा अंगठा एकदा चुकला होता, मग दुसऱ्यांदा चुकला होता, आणि तिसऱ्या वेळेला त्याने नातीकडून, छकुलीकडून, लावून घेतला होता, हे त्याला आता आठवत होतं आणि ते आठवायला नको होतं.

"पुरण निवतंय," तो म्हणाला. "आदी जेवून घ्या समदी."

घड्याळात अकरा वाजून गेले होते. इंदापूर अर्ध्या तासावर. बाहेर ज्ञानेशच्या फोनवर वकिलाचा दुसऱ्यांदा फोन वाजून थांबला.

वृषालीने सगळ्या नोटा गोळा केल्या, सारख्या केल्या आणि लाल फडक्यात बांधून भावाच्या हातात दिल्या. मसुदा उचलला. फाडला नाही. घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवला.

"त्यो कागद ठेव," ज्ञानेश म्हणाला.

"माझं नाव हाय त्याच्याव. माझ्याकडं ऱ्हाऊ दे. आणखी कुठल्या कागदाव कोण लिवतंय ते मला बघायचंय."

मग ती उठून वडिलांच्या समोरच्या टीपॉयवर बसली. लहानपणी असं बसलं की आबा रागवायचे. आज कुणी रागावलं नाही. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते.

"आबा, दादाचं मला नवल न्हाय. त्याचं बुडालंय, बुडणारा माणूस हाताला लागंल ते धरतोय. त्याच्याशी मी कोर्टात बोलीन न्हायतर घरात बोलीन. आयचं मला कळतंय. वहिनी तर आज माझ्या बाजूनं बोलली, तिचं मी इसरणार न्हाय." तिने फोन काढला, बोटाने वर सरकवला आणि वडिलांच्या डोळ्यांसमोर धरला. "हे बघा. सोमवार, अकरा चाळीस. छकुलीनं लावून दिला आन तुमी बोलला. मी कंटेनर भरून घ्यायचं सोडून बाजूला गेले, आबांचा फोन म्हणून. 'ये गं, तुझं भलं हुईल' म्हणलात. रात्रभर मला बरं वाटलं, आबांनी माझ्या भल्याचं बघितलं म्हणून."

"वृषे, तुझ्या आयसमोर..."

"आयसमोरच. समद्यांसमोर. मी बाकी काय इचारत न्हाय. जमीन किती, कवा देणार, काय न्हाय. एकच इचारते. रयवारी तुमाला कळलं. सोमवारी तुमी फोन केला."

गेणबाची मान खाली जायला लागली.

"मान हलवू नका, आबा. मानंचं मला कळत न्हाय. मला बोलवून घेताना ह्या नोटा खोट्या हायत हे तुमाला ठाऊक हुतं का न्हवतं? तोंडानं सांगा."